माशी मारायची की बैल?

गेल्या वैशाखातली गोष्ट आहे. आमच्या तालुक्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यात गोचीड फार झाली होती. माशांमुळे बैल रात्रभर पाय आपटत, चाऱ्याला तोंड लावत नसत. एका संध्याकाळी त्याने पंप काढला आणि दोन्ही बैलांना औषध मारले. औषध कोणते? आदल्या हंगामात पऱ्हाटीवर फवारून उरलेली अर्धी बाटली. रात्री धाकट्या बैलाच्या तोंडातून लाळेची तार लागली, अंगाचे मांस थरथरू लागले, मागचे पाय लटपटले. पहाटे बैल गेला. थोरला वाचला, कारण शेजाऱ्याने त्याला रात्रीच साबणपाण्याने धुऊन काढले होते.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा तो मोकळ्या दाव्याजवळ बसला होता. म्हणाला, "पऱ्हाटीवर मारलं तेच होतं ना जी. त्याच्यानं अळी मेली, मग गोचीड काहून मरणार नाही?"

गोचीड मेलीच होती. तिच्याबरोबर बैलही मेला होता.

या माणसाला अडाणी म्हणायला काही लागत नाही. शहाणे लोक ते म्हणून मोकळेही झाले. आम्ही म्हणणार नाही. त्याचा प्रश्न सरळ होता, आणि त्याचे उत्तर त्याला आजवर कुणी दिले नव्हते. औषध विकणाऱ्याने बाटली देताना विचारले नाही. बाटलीवरचा कागद इतक्या बारीक अक्षरात छापलेला की चष्मा लावूनही वाचता येऊ नये. गुरांचा दवाखाना लांब, आणि तिथे डॉक्टर कोणत्या दिवशी सापडेल याचा भरवसा नाही. हाताशी होती ती बाटली त्याने वापरली. तुमच्या-आमच्या किती घरांत आज अशी अर्धी बाटली वळचणीला ठेवलेली आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

आधी हिशेब मांडू

आपण हिशेबाची भाषा बोलणारी माणसे आहोत. बरी बैलजोडी आज लाखाच्या खाली मिळत नाही. म्हणजे एक बैल पन्नास हजारांचा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा जाहीर झालेला आधारभाव क्विंटलला ८,११० रुपये. त्या भावाने बैलाची किंमत झाली सहा क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर दीड एकराचे सगळे पीक. त्यातून बियाणे, खत, निंदण, वेचणी वजा करून जे हाती उरते, त्याने हिशेब केला तर किती एकर होतील, ते प्रत्येकाने आपल्या वहीत पाहावे. शिवाय जोडीतला एक बैल गेला की नुकसान निम्मे होत नाही. एका बैलाने वखर चालत नाही. मृगाच्या तोंडावर सगळी शेती उभी राहते.

२०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा राज्य सरकारने लंपीने दगावलेल्या बैलामागे २५,००० रुपये मदत ठरवली. बाजारभावाच्या निम्मी का होईना, मदत होती. पण आपल्याच हाताने मारलेल्या फवाऱ्याने मेलेल्या बैलाची भरपाई मागायला कुठे जायचे?

आणि बैल मेला नाही तरी माशी फुकट जेवत नाही. माशांनी हैराण झालेले जनावर चरत नाही, रवंथ करत नाही. गाय पान्हा चोरते. बैल नांगराला लवकर थकतो. लंपीचा विषाणू चावणाऱ्या माशा, डास आणि गोचीड यांच्यामार्फत एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, हे २०२२ मध्ये आपण सगळ्यांनी सोसून पाहिले. हा खर्च आपण कधी वहीत लिहीत नाही. लिहीत नाही म्हणून तो दिसत नाही, एवढेच.

शत्रू एक नाही, चार आहेत

सगळ्यांना आपण सरसकट माशी म्हणतो, आणि तिथेच पहिली चूक होते. प्रत्येकीचे घर वेगळे, म्हणून उपाय वेगळा.

पहिली घरात दिसते तीच साधी माशी. ती चावत नाही. डोळ्यांवर, नाकावर, जखमेवर बसते आणि रोग इकडून तिकडे नेते. ती ओल्या शेणात आणि कुजक्या केरात अंडी घालते. उन्हाळ्याच्या उबेत अंड्यापासून उडणारी माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

दुसरी चावरी माशी. दिसायला घरमाशीसारखीच, पण तोंडाला पुढे आलेली टोकदार सोंड असते. नर-मादी दोघेही रक्त पितात. बहुधा पायांवर बसते. बैल उभ्या-उभ्या पाय आपटतो तो हिच्यामुळे. हिला नुसत्या शेणापेक्षा मूत, शेण आणि गव्हाणीतून सांडलेला चारा एकत्र कुजलेला आवडतो. गव्हाणीखाली जो काळा, ओला, उबट थर साठतो, तेच हिचे माहेर.

तिसरी मोठी घोडमाशी. हिचा चावा इतका जोराचा की रक्त ओघळते. सर्रा नावाचा रोग ती पसरवते. ही ओढ्या-नाल्याच्या, तळ्याच्या काठच्या चिखलात वाढते. उकिरडा कितीही साफ केला तरी हिच्यावर परिणाम होत नाही. हिच्यासाठी भर दुपारी जनावरे पाणथळ जागेपासून दूर, सावलीत बांधणे हाच उपाय.

चौथी गोचीड. ती माशी नाही, पण गोठ्यात तिचे राज्य माशीच्या बरोबरीने चालते. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी जनावरावरून गळून पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि दोन-तीन हजार अंडी घालून मरते. आपण अंगावरची गोचीड मारत बसतो, आणि भिंतीतली पुढची फौज काही आठवड्यांत चढायला तयार असते.

या चौघींपैकी तिघींची घरे आपल्याच गोठ्यात आणि उकिरड्यावर आहेत. म्हणजे लढाई जनावराच्या अंगावर लढायचीच नाही. तिथे लढलो तर बैल मध्ये सापडतो.

उन्हाळा हाच मोका

माशी डोळ्यांवर येते ती पहिल्या पावसानंतर. तेव्हा आपण जागे होतो. त्या वेळी पेरणीची घाई असते, बैल रिकामे नसतात, शेण ओले आणि उकिरडा चिखलात. तेव्हा काही करता येत नाही, म्हणून माणूस बाटलीकडे वळतो.

खरा मोका अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंतचा. आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. या उन्हाने आपला जीव नकोसा होतो, पण माशीची अळी तर ओलीशिवाय जगूच शकत नाही. शेण उघड्यावर पातळ पसरले की दोन-तीन दिवसांत खडखडीत होते आणि त्यातली अळी मरते. हे काम ऊन फुकट करून देते. या दिवसांत बैल रिकामे, गाड्या रिकाम्या, रानही रिकामे. उकिरडा उपसून शेतात नेण्याची आपल्या वाडवडिलांची वहिवाट याच दिवसांतली होती. ती सांभाळली तर खत पेरणीआधी शेतात पडते आणि माशीचे घरही मोडते.

करायचे काय, ते सरळ सांगतो.

उकिरडा तळापर्यंत उपसा. वरचे काढून खालचा ओला थर ठेवला तर काहीच केले नाही असे समजा. गव्हाणीखालचा काळा थर खरवडून काढा, चिपाडे आणि कुजके कुटार वेगळे करून वाळवा. गोठ्याच्या भिंतीच्या भेगा माती-शेणाने किंवा सिमेंटने बुजवा आणि वरून चुना मारा, खालच्या दोन हातांत जास्त. जमीन फरशीची असो की चोपलेल्या मुरमाची, तिला नालीकडे उतार द्या. दर चार-पाच फुटांना एक इंच पुरे. मूत साचले नाही तर चावरी माशी अर्धी कमी होते.

पावसाळ्यात रोजचे शेण उघड्या ढिगावर टाकू नका. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी नाडेपचे टाके काढून दिले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांमध्ये हवेसाठी भोके ठेवलेले. काडीकचरा, थोडे शेण आणि माती थरावर थर भरायची आणि वरून शेणमातीने लिंपून टाकायचे. लिंपलेल्या थराखाली माशीला अंडी घालता येत नाहीत, आत गरमी धरते, आणि तीन-चार महिन्यांत खत होते. टाके बांधायला पैसे नसतील तर साधा खड्डा भरून लिंपा. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे त्यांचे शेण रोज टाकीत जाते, त्यांना तर निम्मी सुटका आहे. आणि ज्यांच्या घरी गावठी कोंबड्या आहेत त्यांनी त्या उकिरड्यावर मोकळ्या सोडाव्या. अळ्या वेचण्यात कोंबडीचा हात धरणारे यंत्र अजून निघालेले नाही.

धुरीबद्दल एक शब्द. संध्याकाळी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी दिली तर माशी पळते, मरत नाही. तेवढा वेळ जनावराला विसावा मिळतो, म्हणून धुरी चांगली. पण वैशाखात शेजारी कडब्याची गंजी आणि पऱ्हाटीचा ढीग असतो. धुरीचे घमेले वाऱ्याच्या दिशेला, गंजीपासून लांब ठेवा आणि ते विझेपर्यंत माणूस हलू नये.

बाटलीचा धडा आपण एकदा शिकलो आहोत

कापूस पिकवणाऱ्याला औषधाचे दोन धडे कुणी नव्याने शिकवायला नकोत.

पहिला धडा असा. नव्वदीच्या दशकात हिरव्या बोंडअळीवर आपण एकाच जातीची औषधे मारत राहिलो. आधी एका फवाऱ्यात मरणारी अळी पुढे पाच फवाऱ्यांनाही दाद देईना. माशी आणि गोचीड यांचेही तसेच आहे. एकच औषध, वर्षानुवर्षे, कमी-जास्त मात्रेत मारत राहिले की त्यातून वाचणारी गोचीडच उरते आणि तिचीच अवलाद वाढते. म्हणून औषध हे शेवटचे हत्यार. आधी उकिरडा, मग भिंत, मग बाटली.

दुसरा धडा फार महाग पडला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. जे विष तोंडा-नाकातून आणि कातडीतून माणसाला मारते, ते बैलाला सोडेल का? बैलाची कातडी जाड दिसते, पण औषध तिच्यातूनही मुरते. शिवाय जनावर स्वतःचे अंग चाटते. गाईला मारले तर दुधातून घरातल्या लेकरापर्यंत पोहोचते.

म्हणून हे पक्के ध्यानात ठेवा. पिकावरचे औषध जनावरावर कधीही नाही. नाव सारखे असले तरी नाही. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही नावे पिकाच्या बाटलीवरही दिसतील आणि गुरांच्या बाटलीवरही. पण दोन्हींची तीव्रता वेगळी, आत मिसळलेले द्रावण वेगळे. गुरांचे औषध गुरांच्या डॉक्टरला विचारून, त्याने सांगितलेल्या मात्रेतच. गोठ्यात माशीसाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे डायक्लोरव्हॉस, आणि त्याच्या जोडीला फोरेट व ट्रायझोफॉस, यांच्यावर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. जुनी बाटली सापडली तर ती गोठ्यात नको, घरातही नको.

अंगावर मारायचे तर साधा उपाय आधी करून पाहा. लिटरभर पाण्यात निंबोळीचे तेल आणि करंजाचे तेल दहा-दहा मिली, चिमूटभर साबणाचा चुरा घालून चांगले ढवळा आणि अंगाला लावा. माशी फार बसत नाही. निंबोळ्या याच दिवसांत झाडाखाली पडतात. पोरांना लावून वेचून ठेवल्या तर तेल घरचे आणि पिकाला निंबोळी अर्कही घरचा.

आणि गुरांचे औषध मारायची वेळ आलीच, तर सकाळच्या थंड वेळेला मारा. आधी जनावराला पाणी पाजून घ्या. डोळे, नाक, कास सोडा. अंग वाळेपर्यंत मुसके बांधा. लहान वासराला डॉक्टरला विचारल्याशिवाय काही मारू नका. तणनाशकाचा पंप वापरू नका. आपल्या हातात मोजे, तोंडाला फडके असू द्या. औषध मारल्यावर लाळ गळू लागली, अंग थरथरले, धाप लागली, तर एक क्षण न घालवता साबण आणि भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरला बोलवा. बाटली फेकू नका, ती डॉक्टरला दाखवा. त्यावरून उतारा ठरतो.

चिडलेले जनावर आणि आपला हात

माशांनी भंडावलेला बैल नेहमीचा राहत नाही. गरीब बैलही शिंग उगारतो, दूध काढणारीला गाय लाथ मारते. शिंग लागून डोळा गेलेली, लाथेने बरगडी मोडलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. या दुखापती आपण नशिबावर घालतो. त्यातल्या बऱ्याच टाळता येतात.

जनावराला नेमके पाठीमागचे दिसत नाही. म्हणून मागून जाऊ नका. बाजूने, खांद्याच्या बाजूकडून, आवाज देत जा. गाय लाथ बाजूला फेकते हे ध्यानात ठेवून मांडीला लागून तरी उभे राहा, नाहीतर पुरते लांब. दोर हाताला गुंडाळू नका. जनावर उधळले तर बोटे जातात, माणूस फरपटतो. नवी व्यालेली गाय आणि तिचे वासरू यांच्या मध्ये जाऊ नका. तुतारीची आर काढून टाका. आरेची जखम, वेसणीची जखम, जुवाने सोललेला खांदा, याच तीन जागी माशी बसते आणि किडे पडतात. मारून चालवलेल्या बैलाचा खर्च पुन्हा औषधात भरावा लागतो.

पत्री मारायला, औषध पाजायला बैल पाडायचा तर मऊ भुईवर, पोट रिकामे असताना पाडा, आणि काम होताच उठवा. पोट भरलेला बैल फार वेळ आडवा ठेवला तर फुगतो. पण खरे पाहता दरवेळी पाडण्याची गरजच नाही. चार मजबूत खांब आणि आडव्या बल्ल्या लावून केलेला खोडा असला, जनावर आत उभे राहील पण वळू शकणार नाही एवढ्या रुंदीचा, तर दोन माणसे कोणतेही काम करू शकतात. गावातल्या सुताराला तो एका दिवसाचा आहे. गुरांचा खोडा नसलेल्या गावात लस टोचायला आलेला माणूसही भिऊन निम्मी गुरे सोडून जातो, हे आम्ही पाहिले आहे.

हे काम कुणी करायचे?

इथवर वाचून आमच्या मायबहिणी मनात म्हणत असतील, सांगणारे सांगून मोकळे, शेणाचे टोपले आमच्याच डोक्यावर. खरे आहे. शेणगोठा पहाटे उठून बाईच करते, आणि त्याची मजुरी कुणाच्या उत्पादन खर्चात धरलेली नसते. गोठा स्वच्छ ठेवा हा उपदेश आम्ही तिला करणार नाही. आम्ही घरधन्याला सांगतो आहोत. जमिनीला उतार दे, नाली काढ, उकिरड्यापर्यंत ढकलगाडी जाईल अशी वाट कर, उन्हाळ्यात उकिरडा स्वतः उपस. तिचे रोजचे श्रम वाढवून नव्हे, कमी करूनच हे साधले पाहिजे. नाहीतर श्रावणापर्यंत सगळे मागल्यासारखे होईल.

एकट्याचे काम नाही

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. माशी एक-दोन किलोमीटर सहज उडते. तुम्ही गोठा आरशासारखा ठेवला आणि शेजारचा उकिरडा तसाच राहिला, तर तुमच्या बैलाला त्याची माशी चावणार. म्हणून एका घरापुरते हे काम अर्धे वाया जाते. गावाने ठरवून, एकाच आठवड्यात, सगळे उकिरडे उपसले तर फरक दिसतो.

आमचे म्हणणे असे. येत्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने उकिरडे उपसण्याचा आठवडा ठरवून यावे, अक्षय्य तृतीयेनंतरचा आणि मृगाच्या आतला. त्याच आठवड्यात गावात एक खोडा उभा करावा. तो झाला की पंचायतीमार्फत पशुवैद्यकीय दवाखान्याला लेखी कळवावे, की आमची गुरे एका जागी, बांधून, तयार आहेत. घटसर्प, फऱ्या आणि लंपीच्या लसी पावसाआधी टोचून द्या. लस वेळेवर देणे हे सरकारचे काम आहे आणि ते आम्ही मागून घेणार. पण उकिरडा उपसायला सरकार येणार नाही, आणि येऊही नये.

ज्याचा बैल गेला, तो शेतकरी या वर्षी भाड्याच्या बैलाने पेरणार आहे. त्याने स्वतःच आम्हाला सांगितले, माझी गोष्ट लिहा, पण नाव नका घेऊ. नाव घेतलेले नाही. घरी गेल्यावर वळचणीला हात घाला, अर्धी बाटली आहे का ते पाहा.